सावधान, पुढे रेइयो

फिरत्या वाचनालयाची गाडी कोर्पिवारा गावाच्या रस्त्यावरून चरात गेली ती नोव्हेंबरातल्या एका दुपारी. दुपार म्हणायची ती घड्याळाकडे बघून. इतक्या उत्तरेला बाहेर कधीच काळोख झाला होता. गाडी चालवणारी इर्या कित्येक वर्षे याच रस्त्याने गावोगाव पुस्तके पोचवत होती आणि तिने आजवर एका सशालाही धक्का लावला नव्हता. त्या दिवशी वळणावर तिला दिव्यांसमोर काळोखाचा एक तुकडा बाकीच्या काळोखापेक्षा जरा जास्त काळा वाटला. तिने चाक फिरवले आणि गाडी डुलत डुलत बर्फाने भरलेल्या चरात जाऊन तिरपी बसली. मागचे दार उघडले. पाककृतींचे अख्खे कपाट आणि निम्म्या रहस्यकथा बर्फात उतरल्या.

इर्या दार ढकलून बाहेर आली. काळोखाचा तुकडा जागचा हलला नव्हता.

"कोण आहे तिथं?"

"मी," तुकडा म्हणाला.

"मी म्हणजे कोण?"

"रेइयो पासानेन."

"लागलं का कुठं?"

रेइयोने थोडा विचार केला. "नाही," तो म्हणाला. मग तो गाडीच्या तोंडाशी गेला, वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. "तुझा उजवा दिवा डाव्यापेक्षा मंद आहे, इर्या. काच पुसत जा."

"दिवा मंद आहे? मेल्या, स्वतःकडे बघ! टोपी काळी, कोट काळा, विजार काळी, पिशवी काळी. दात तेवढे पांढरे, तर तू जन्मात कधी हसत नाहीस!"

रेइयोला हे बोलणे लागले नाही. वर्णन बरोबर होते. त्याने पुस्तके गोळा करायला मदत केली, ती लेखकांच्या आडनावाप्रमाणे लावून दिली आणि घरी गेला.

या देशात हिवाळ्यात शेंबड्या पोरापासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाच्या कोटाला दोरीने, दिवा पडला की चमकणारा रिफ्लेक्टर लोंबत असतो. बँक देते, शाळा देते, दात काढणारा डॉक्टर देतो, प्रेत नेणारा दुकानदारसुद्धा आपले नाव छापून देतो. कुत्र्यांना असतो, म्हाताऱ्यांच्या काठ्यांना असतो. कोर्पिवारात तो एकाच माणसाला नव्हता, आणि तो माणूस शहरातल्या प्रयोगशाळेत रिफ्लेक्टर तपासायच्या नोकरीवर होता.

त्याचे काम सांगायला सोपे आहे. बोगद्यासारखी लांब खोली. भिंती काळ्या, छत काळे, दाराची कडीही काळी. एका टोकाला दिवा, दिव्याला अगदी खेटून उजेड मोजणारा डोळा. दुसऱ्या टोकाला फिरत्या चौरंगावर नमुना. दिव्याने नमुन्यावर टाकलेल्या उजेडातला किती उजेड परत दिव्यापाशीच आला, एवढेच रेइयो मोजतो. बर्फ उजेड चारी दिशांना उधळून टाकते. आरसा भलत्याच्याच डोळ्यांत घालतो. चांगला रिफ्लेक्टर मात्र, चौरंग थोडा इकडे फिरवा की तिकडे, ज्याचा उजेड त्याच्याच पदरात घालतो. गाडीवाल्याचे डोळे त्याच्या दिव्यांच्या जरासेच वर असतात, म्हणून त्याला तो दिसतो.

या खोलीत इकडेतिकडे भटकणारा उजेड चालत नाही. फार वर्षांपूर्वी एक पाहुणे पांढऱ्या कॉलरचा सदरा घालून आत आले आणि सकाळपासूनची सगळी मोजमापे फुकट गेली. तेव्हापासून रेइयो काळ्याशिवाय काही घालत नाही. केस पिकले तशी त्याने काळी टोपी घेतली. डब्यातले उकडलेले अंडे तो खोलीबाहेर ठेवून येतो. घरून रंगीत कपड्यांत निघायचे आणि तिथे जाऊन बदलायचे, असा सल्ला त्याला अनेकांनी दिला होता. पण रंगीत कपड्याचा एखादा धागा अंगाला चिकटून राहतो, हे त्याने पाहिले होते.

प्रश्न काळ्या कपड्यांचा नव्हता. काळ्या कोटालाही रिफ्लेक्टर लावता येतो. प्रश्न असा होता की रेइयोला लावण्याजोगा रिफ्लेक्टर जगात नव्हता.

त्याचे म्हणणे त्याने रस्तामंडळाच्या अध्यक्षाला, यालमारीला, शनिवारी सौनात वाफ घेताना एकदा समजावून सांगितले होते. रिफ्लेक्टर पास करायचा तर आधी त्याला पाण्यात बुडवायचे, गोठवायचे, तापवायचे, वरून आपटायचे. एवढे सोसून जो पास होतो तो पार पिचलेला असतो, कोटाला लावायच्या लायकीचा राहत नाही. आणि ज्याने काही सोसलेले नाही तो कोरा करकरीत, पण त्याची हमी काय?

"अरे, पण त्याच कारखान्यातला त्याचा भाऊ पास झालाय ना?" यालमारी तापलेल्या दगडांवर पाणी ओतत म्हणाला.

"तुझा भाऊ सर्जन आहे," रेइयो म्हणाला. "म्हणून मी तुझ्याकडून अपेंडिक्स काढून घेऊ?"

यालमारी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याने आपल्या हातांकडे पाहिले आणि आणखी पाणी ओतले.

गावच्या पोलिसानेही एकदा त्याला रस्त्यात थांबवले होते.

"पासानेन, अंधारात रिफ्लेक्टर लावावा असा कायदा आहे."

"माहीत आहे. दंड किती?"

"दंड नाही."

"मग?"

"मग काही नाही." मग पोलीस गाडीत बसून गेला आणि रेइयो चालत गेला.

त्याची बायको तुओवी ही त्याला रिफ्लेक्टरमुळेच मिळाली होती. तरुणपणी तो एका संध्याकाळी मोपेडवरून नाचाच्या हॉलकडे चालला होता. दिव्याच्या उजेडात दूरवर हिमकणाच्या आकाराचे काहीतरी लकाकले. त्याने मोपेड थांबवली, खाली उतरला, मुलीच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "फार वर लटकतोय. गुडघ्याशी हवा. गाडीचा दिवा खाली पडतो." तुओवीच्या गावात पुरुष याच्या निम्मेसुद्धा बोलत नसत. दोन वर्षांनी त्यांचे लग्न झाले.

तेव्हापासून दर नाताळला तुओवी त्याला एक रिफ्लेक्टर देत आली. हिमकण, घुबड, हृदय, एकदा अस्वल. रेइयो मनापासून आभार मानायचा आणि सुट्टी संपली की तो प्रयोगशाळेत घेऊन जायचा. काही दिवसांनी तडे गेलेला, कळा गेलेला रिफ्लेक्टर परत यायचा. "पास झाला," रेइयो म्हणायचा. तुओवी तो स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात टाकायची. त्या खणाला ती शवागार म्हणायची.

वाचनालयाची गाडी चरात गेली त्या दिवशी रेइयो घरी पोचायच्या आधी इर्याचा फोन पोचला होता. तुओवीने वाटाण्याचे सूप वाढले, समोर बसली आणि त्याला खाऊ दिले. मग म्हणाली, "निवृत्तीला तीन हिवाळे राहिलेत तुझ्या."

"हो."

"ते तू बघावंस अशी माझी इच्छा आहे."

"माझीही आहे."

"मग लाव एखादा. माझ्यासाठी लाव. कुठलाही."

रेइयो उठला. दाराजवळच्या खुंटीवर तुओवीचा नवा रिफ्लेक्टर होता, बँकेने दिलेला. त्याने तो हातात घेतला, कोटाजवळ नेला आणि परत ठेवला. "खोटी सही केल्यासारखं होईल. लोक म्हणतील, पासानेन लावतो म्हणजे चांगलाच असणार. मग बँकेत धावतील. आणि मला तर याचं काहीच माहीत नाही."

"बरं," तुओवी म्हणाली. "मग उद्यापासून मी येते तुला घ्यायला थांब्यावर. माझ्याकडे आहेत रिफ्लेक्टर. मी चमकेन, तू माझ्या मागनं चाल."

"तुझा गुडघा?"

गुडघ्याचे ऑपरेशन त्याच वसंतात झाले होते.

"गुडघा माझ्याबरोबर येईल."

"बर्फावर पडशील."

"तू गाडीखाली पडशील."

"मी अजून पडलेलो नाही."

"मीही नाही," तुओवी म्हणाली आणि ताटल्या उचलल्या.

बसचा थांबा मोठ्या रस्त्यावर होता. तिथून गावापर्यंत स्प्रूसच्या जंगलातून गेलेला गावाचा अरुंद रस्ता. दुसऱ्या दिवशी रेइयो बसमधून उतरला तेव्हा तुओवी उभी होती. खिळ्यांचे बूट, दोन हातांत दोन काठ्या, आणि कोटावर, टोपीवर, काठ्यांवर, बुटांवर मिळून इतके रिफ्लेक्टर की बसच्या दिव्यांत ती नाताळच्या झाडासारखी दिसली. पुढे ती, मागे तो, असे ते चालत गेले. वाटेत समोरून दुधाची गाडी आली. गाडीवाल्याला तुओवी लांबूनच दिसली. त्याने सभ्यपणे तिला मोठा वळसा घातला, आणि वळसा संपवून गाडी परत कडेला घेतली ती नेमकी रेइयो होता त्या जागी. रेइयो चरात उडी मारून वाचला.

"बघितलंस?" चरातून आवाज आला. "तुझ्यामुळं जास्त धोका आहे."

तुओवी तरीही येत राहिली. एके दिवशी ती निसरड्यावर बसकण मारून पडली. उठली, कोट झटकला, आणि उरलेला रस्ता एक पाय ओढत चालली. रेइयोने मागून सगळे पाहिले. तिच्या पाठीवरचा प्रत्येक रिफ्लेक्टर एका बाजूला कलत होता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्याने एक नमुना चौरंगावर उलटा लावला. असे त्याच्या हातून आजवर झाले नव्हते.

रस्तामंडळाची वार्षिक सभा जुन्या शाळेत भरली. आमच्याकडे गावाचा रस्ता गावाच्याच मालकीचा असतो. खडी कुठे टाकायची, बर्फ कोणी काढायचे, पाट्या कोणत्या लावायच्या, हे गावच ठरवते. यालमारीने विषय वाचून दाखवले: खडी, बर्फ, रेइयो.

खडी आणि बर्फ कॉफीच्या पहिल्या कपात आटोपले. मग इर्या उठली. ती गावातली नव्हती, पण रस्ता वापरणारी म्हणून तिला बोलायचा हक्क होता.

"माझ्या गाडीतल्या पाककृतींची पानं अजून वाळतायत," ती म्हणाली. "मला कुणाशी भांडायचं नाही. पण एल्क हरणं जिथं रस्ता ओलांडतात तिथं आपण पाटी लावतो की नाही? एल्कही रिफ्लेक्टर लावत नाही. त्याच्यावर कुणी रागावत नाही. पाटी लावतात आणि गाड्या हळू जातात. मग याचीही लावा!"

सभेत शांतता पसरली. आमच्याकडे सभेतली शांतता म्हणजे मान्यता असते, विरोध असतो, किंवा लोक वेलदोड्याचा पाव चावत असतात. "मला तर पटलं," यालमारी म्हणाला. "रेइयो, तुझं काय?"

रेइयोला एल्क व्हायचे नव्हते. पण समोर तुओवी पाय लांब करून बसली होती, कारण तिचा गुडघा वाकत नव्हता. "पाटी लावली तर तू थांब्यावर येणं बंद करशील?" त्याने सगळ्यांसमोर तिला विचारले.

"गाड्या हळू जायला लागल्या तर करीन."

"मग लावा," रेइयो म्हणाला. "पण न मोजलेली पाटी लावू नका. अंधारात न दिसणाऱ्या पाटीनं न दिसणाऱ्या माणसाची सूचना देण्यात अर्थ नाही."

"मग तूच मोज," यालमारी म्हणाला आणि विषय संपला.

पाट्या दोन करायच्या ठरल्या, रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक. पिवळा त्रिकोण, लाल काठ, मध्ये काळी आकृती. आकृतीसाठी तुओवीने एक फोटो दिला. सरोवराच्या काठी मागून काढलेला, त्यातही रेइयो सगळाच्या सगळा काळा आला होता. पत्र्याच्या कारागिराला फक्त कडेने रेघ ओढायची होती. टोपी, कोट, हातात डब्याची पिशवी, चाल जराशी पुढे झुकलेली. गावात सगळे म्हणाले, हुबेहूब आहे.

पाटी कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत आली. विभागप्रमुख सातूने कागद सोडवला, पाटीकडे पाहिले, मग रेइयोकडे पाहिले.

"रेइयो, नियमाप्रमाणं विचारायला हवं. या नमुन्याशी तुझा काही संबंध आहे?"

"माझं चित्र आहे."

"म्हणजे नातं आहे."

"मी त्याचा कुणी नाही. तो माझ्यावरून काढलाय."

सातू खुर्चीत बसली. ती हुशार बाई होती आणि तिला नियम पाळायचे होते. "पाटीवरचा काळा भाग मोजायचा नसतो, बरोबर?"

"बरोबर. काळ्यानं काही परत द्यायचं नसतं."

"म्हणजे तुला मोजायचं नाहीच आहे. तुझ्या भोवतीचं पिवळं मोजायचं आहे."

"हो."

"पिवळ्याशी तुझा काही संबंध?"

"नाही."

"मग हरकत नाही," सातू म्हणाली.

रेइयोने पाटी चौरंगावर बसवली, दार लावले, दिवा लावला. पिवळ्याने उजेड भरभरून परत दिला. लाल काठाने त्याच्या मानाने कमी, पण हवा तेवढा दिला. काम तिथेच संपले होते. तरी त्याने दिव्याचा झोत अरुंद केला आणि काळ्या आकृतीच्या पाठीवर नेमका सोडला. उजेड गेला आणि आला नाही. आकडा शून्यावर बसून राहिला. त्याने टोपीवर झोत टाकला, मग पिशवीवर टाकला. इतके स्वच्छ शून्य त्याने या खोलीत क्वचितच पाहिले होते.

मग तो दिव्यामागे जाऊन बसला, गाडीवाला जिथे बसेल तिथे. तिथून पिवळा त्रिकोण पेटल्यासारखा दिसत होता आणि त्याच्या मधोमध एक भोक होते. भोकाच्या हातात डब्याची पिशवी होती. रेइयो ते बघत जरुरीपेक्षा जास्त वेळ बसला. बाहेर सातूने दार वाजवले तेव्हा कुठे त्याने दिवा बंद केला.

पण तो पासानेन होता. कोरडी पाटी पास झाली एवढ्यावर तो थांबणार नव्हता. त्याने पाटी थंड कपाटात ठेवली, बाहेर काढून तिच्यावर हिव धरू दिले आणि पुन्हा चौरंगावर चढवली. आता पिवळाही काही देईना. हिवाच्या पांढऱ्या थराने उजेड इकडेतिकडे सांडून टाकला. पाटी आणि रेइयो सारखेच झाले.

पाट्या बसवायच्या आधी यालमारीने सगळ्यांना पुन्हा शाळेत बोलावले. रेइयोने उभे राहून निष्कर्ष सांगितला. "पाटी चांगली आहे. हिव धरलं की वाईट आहे."

"हिव कधी धरतं?" यालमारीने सवयीने विचारले, आणि विचारल्यावर स्वतःच खिडकीकडे बघितले. ऑक्टोबर ते एप्रिल आमच्याकडे दुसरे काही होत नाही.

"म्हणजे रोज पुसायला हवी," कोणीतरी म्हणाले.

"सकाळी आणि संध्याकाळी," रेइयो म्हणाला.

शांतता पसरली. ही मान्यतेची नव्हती. सगळे आपापल्या कपात बघत होते. रोज दोन वेळा अंधारात जाऊन पाटी कोण पुसणार?

"ज्याचं चित्र त्यानं पुसावं," तुओवी पाव मोडत म्हणाली. "तो तसाही रोज दोन्ही पाट्यांवरून जातो. श्रमदान समज, रेइयो."

श्रमदानाला आमच्या गावात कोणी नाही म्हणत नाही. एकाने म्हटले होते. तो नंतर स्वीडनला राहायला गेला.

"बरं," रेइयो म्हणाला. "पुसतो."

तेव्हा यालमारीने टेबलाखालून एक पिशवी काढली आणि पिशवीतून एक जाकीट. भडक पिवळे, पोटावर आणि खांद्यांवर रुपेरी पट्टे. "रस्त्यावर काम करणाऱ्यानं हे घालायचं असतं. तसा नियमच आहे. पाटी पुसणं म्हणजे रस्त्यावरचं काम."

रेइयोने जाकीट हातात घेतले, पट्टा नखाने खरवडून पाहिला. "हे मोजलेलं नाही."

"नसेल."

"मग मी घालू शकत नाही. मी घातलं तर लोकांना वाटेल..."

"लोकांना काय वाटेल?" इर्या मध्येच म्हणाली. "लोकांना वाटेल, मंडळाचा नोकर पाटी पुसतोय!"

"हे जाकीट तुझं नाही, रेइयो," यालमारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "मंडळाचं आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायची जबाबदारी मंडळावर आहे. तू फक्त आत उभं राहायचं."

रेइयोने यावर खूप विचार केला. लोकांनी तोवर कॉफीचे कप पुन्हा भरून घेतले. त्याला या बोलण्यात चूक सापडेना.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण पुसण्यापुरतंच. थांब्याजवळच्या पाटीला खिळा ठोका. पुसून झालं की तिथंच टांगून ठेवीन."

"आणि गावाकडची पाटी? ती काय घालून पुसशील?"

"दुसरं जाकीट."

"मंडळाकडं एकच आहे," यालमारी म्हणाला.

मंडळाकडे तेव्हा दोन होती. दुसऱ्यावर तुओवी बसली होती.

अशा रीतीने रेइयो पासानेन चमकायला लागला. सकाळी घरातून जाकीट घालून निघायचे, गावाकडची पाटी पुसायची, चालत जाऊन थांब्याजवळची पुसायची, जाकीट तिथल्या खिळ्याला टांगायचे, बसमध्ये चढायचे. संध्याकाळी उलट क्रमाने. दोन पाट्यांच्या मधल्या रस्त्यावर जाकीट काढून हातात धरून चालायचे, असा प्रयत्न त्याने पहिल्या दिवशी केला. उणे वीसमध्ये बोटे बधिर झाली आणि त्याने ते पुन्हा घातले. हे घालणे नसून वाहून नेणे आहे, असे त्याने तुओवीला सांगितले. तुओवी म्हणाली, "अर्थातच." ती थांब्यावर जायची थांबली. संध्याकाळी ती खिडकीत बसून मोजे विणायची, आणि रस्त्यावरून गाडी गेली की झाडांच्या मधून एक पिवळा ठिपका पेटून विझताना पाहायची. तेवढे झाले की सूप गरम करायला ठेवायची.

एक अडचण मात्र झाली. पाटी इतकी लख्ख होती आणि आकृती इतकी हुबेहूब, की परगावचे गाडीवाले खरोखरच वेग कमी करून काळ्या कपड्यांतल्या माणसाला शोधू लागले. एका संध्याकाळी एक पाहुणा गाडी थांबवून काच खाली करून रेइयोलाच म्हणाला, "अहो, तो कुठं भेटेल?"

"कोण?"

"तो, पाटीवरचा."

रेइयोने मागे वळून रस्त्याकडे पाहिले. "आता दिसत नाही," तो म्हणाला.

पुढच्या वर्षीच्या सभेत, खडी आणि बर्फ झाल्यावर, रेइयो स्वतःच उठला. तो सहसा उठत नाही, म्हणून सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"पाटी काढून टाका," तो म्हणाला. "ती चुकीची आहे. पाटीवर काळ्या कपड्यांतला माणूस आहे. रस्त्यावर तसा कुणी चालत नाही. लोकांना खोटं सांगणं बरं नाही."

तुओवीचा हात पावाच्या ताटलीवर थांबला. पाटी गेली म्हणजे पुसणे गेले, पुसणे गेले म्हणजे जाकीट गेले, आणि निवृत्तीला अजून दोन हिवाळे बाकी होते. यालमारीने तिच्याकडे पाहिले. रेइयोचे म्हणणे खरे होते, आणि खऱ्या म्हणण्याविरुद्ध मत देणे गावाला जड जात होते.

"रेइयो," तुओवी म्हणाली, "त्या रस्त्यावर काळ्या कपड्यांत कुणी चालत नाही, हे तुला कसं कळलं?"

"मला कुणी दिसलं नाही."

"तो दिसला असता का?"

रेइयोने टोपी काढून हातात घेतली.

"रिफ्लेक्टर न लावलेला, काळी टोपी, काळा कोट, काळी पिशवी," तुओवी सावकाश म्हणाली. "अंधारात. तुझ्यापासून दहा हातांवर. तो तिथं आहे की नाही, तुला मोजून सांगता येईल?"

रेइयोला ती पाटीतली भोकाची आकृती आठवली असावी. सभा वाट बघत राहिली. शाळेच्या छतावरून बर्फाची एक मोठी लाट घसरून खाली पडली.

"नाही," तो म्हणाला. "जो काहीच परत देत नाही, तो नाहीच असं म्हणता येत नाही."

"मग?"

"मग राहू दे पाटी," रेइयो म्हणाला आणि खाली बसला.

यालमारीने ताबडतोब पुढचा विषय घेतला. पुढचा विषय नव्हता, म्हणून त्याने खडीचा पुन्हा घेतला.

जाकीट आता कोर्पिवारात दुसरा हिवाळा काढते आहे. आत शिवलेल्या चिंधीवर लिहिले आहे की ते ठरावीक वेळाच धुवावे, जास्त धुतल्यास पट्ट्यांची चमक जाते. ते वाचल्यापासून रेइयो तुओवीला ते एकदाही धुऊ देत नाही. मंडळाची वस्तू आहे, आपल्या हातून खराब व्हायला नको, असे त्याचे म्हणणे. ओसरीतल्या खुंटीवर ते टांगलेले असते, आणि दार उघडले की आधी जाकिटाचा वास येतो. परवा इर्या पुस्तके द्यायला आली तेव्हा तिने नाकाला रुमाल लावला.

"अगं, याला आता दिवे नसलेली गाडीसुद्धा चुकवेल!" ती म्हणाली. "धू की एकदा!"

"मुळीच नाही," तुओवी म्हणाली आणि ओसरीची खिडकी उघडली.